वरचा, मधला, तळाचा

नरसिंगराव भालकीकरांनी, म्हणजे आमच्या काकांनी, आयुष्यात एकही वस्तू पहिल्या भेटीत विकत घेतली नसेल. बेगम बाजारातून वर्षाची चिंच भरायची असली, तर आधी एका रविवारी ते नुसते बघायला जात. पोत्याच्या तोंडाची चिमूटभर, मधली चिमूटभर आणि खांद्यापर्यंत हात आत घालून तळाची चिमूटभर, अशा तीन पुड्या बांधून घेत. पुड्यांवर पेन्सिलीनं व, म, त लिहीत. मग घरी तीन दिवस तीन पुड्यांच्या तीन आमट्या. चौथ्या दिवशी निर्णय. तोवर दुकानदारानं ते पोतं विकून टाकलेलं असे, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

"साब," तिथला एक म्हातारा व्यापारी एकदा त्यांना म्हणाला, "शादी से पहले बेगम साब को भी ऐसेच तीन बार देखे थे क्या?"

"नक्को पूछो मियाँ," काका पुडीला दोरा गुंडाळत म्हणाले. "वहाँ उपर का एकीच नमूना मिला."

हे घरी येऊन त्यांनी स्वतःच काकूंना सांगितलं. काकू फोडणी करत होत्या. मागे वळूनही न बघता म्हणाल्या, "बरं झालं. तळाचा मागितला असता तर मीही यांचा मागितला असता, आणि मग कसलं लग्न."

मी पुण्याहून नोकरीसाठी हैदराबादेत आलो, तेव्हा माझ्याजवळ एक ट्रंक, रसायनशास्त्राची एक पदवी आणि आपण बोलतो तीच खरी मराठी असा एक समज होता. ट्रंक अजून आहे. नल्लकुंट्यात भालकीकरांच्या घरावरची खोली मला भाड्यानं मिळाली, आणि पहिल्याच संध्याकाळी खालून हाक आली, "श्रीकांता, काय करायलास? जेवायलास का जेवून बसलास?" मी मनातल्या मनात ते वाक्य शुद्ध करून घेतलं आणि मग उत्तर दिलं. तेवढ्या वेळात काका ताट घेऊन जिन्यावर उभे होते. पुढे माझं लग्न झालं, मेधा आली, आणि सहा महिन्यांत तीच मला "भाजी नक्को का?" असं विचारू लागली. तेव्हापासून घरात शुद्ध बोलणारा मी एकटाच उरलो, आणि माझं ऐकणारं कोणी उरलं नाही.

काका सरकारी औषध कारखान्यात माल तपासायच्या विभागात होते. मीही तिथंच लागलो, त्यांच्या हाताखाली. कच्च्या मालाची पिंपं आली की काका एक लांब पोकळ सळई घेऊन निघत. वरचा, मधला, तळाचा. पिंप उघडल्यावर जे दिसतं त्यावर त्यांचा कधीच विश्वास नसे. "वर सगळेच चांगले असतात," ते म्हणत. "तू इंटरव्ह्यूला आला होतास तेव्हा काय सुंदर टाय लावला होतास."

तपासणी होईपर्यंत पिंपावर पिवळं लेबल. माल चांगला निघाला तर हिरवं, नाही निघाला तर लाल. लाल लेबल लावताना काका कधी कचरले नाहीत, पण त्या दिवशी त्यांचा एक रिवाज असे. ज्याचा माल नाकारला, दुपारी त्याच्याच शेजारी डबा उघडायचा. उत्पादन विभागाचे राजलिंगम म्हणून एक तापट गृहस्थ होते. एकदा त्यांच्या गोळ्यांची आख्खी खेप काकांनी अडवली. राजलिंगम कँटीनमध्ये भिंतीकडे तोंड करून जेवायला बसले. काका डबा घेऊन गेले आणि भिंतीच्या बाजूलाच खुर्ची सरकवून, त्यांच्या नाकासमोर बसले.

"राजलिंगमगारू, माल नापास झालाय, तुम्ही नाही झालात. थोडा पप्पू वाढा."

राजलिंगमनी आधी तोंडातला घास संपवला. मग वरणाचा डबा इंचभर सरकवला. त्या टेबलाच्या टोकाला सुधाकर नावाचा आमचा एक शिकाऊ केमिस्ट बसला होता. तो जेवायचा थांबून हे बघत होता. त्याची आठवण ठेवा, तो पुढे येणार आहे.

कारखान्यात आणखी एक खोली होती, जिच्या किल्लीला काका जानव्यासारखं जपत. राखीव नमुन्यांची खोली. इथून बाहेर गेलेल्या प्रत्येक खेपेची एक बाटली तिथं मांडून ठेवलेली असे. औषधाची मुदत संपेपर्यंत, आणि वर एक वर्ष. उद्या कुठल्या दवाखान्यातून तक्रार आली की या गोळ्यांनी ताप उतरला नाही, तर तीच खेप आपल्याजवळ असली पाहिजे, काढून तपासता आली पाहिजे. एवढं साधं. पण काकांच्या अंगात ते इतकं मुरलं होतं की घरीही माडीवरच्या कपाटात दर वर्षीच्या आवकायाची, म्हणजे आंब्याच्या लोणच्याची, एकेक छोटी बाटली असे. वर साल, कैरीचं गाव आणि मीठ कुठलं ते.

मेधाचं पहिलंच आवकाय बुरसलं. ती म्हणाली, मीठ वाईट. काकांनी कपाट उघडलं, त्याच मिठाचं त्याच वर्षीचं काकूंचं लोणचं काढलं, उजेडात धरलं, वास घेतला, आणि निकाल दिला, "मीठ बरोबर आहे. झाकण ओलं होतं." मेधा त्यांच्याशी बोलेनाशी झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी काका आपलं ताट घेऊन आमच्या दारात हजर. "सूनबाई, लोणचं नापास झालंय," एवढंच म्हणाले आणि पाटावर बसले. मेधानं हसू दाबत त्यांना दहीभात वाढला. लोणचं मात्र काकूंचंच.

मग ती नव्या आर्थिक धोरणाची वर्षं आली. पेपरात रोज काहीतरी खुलं होत होतं. शहराच्या कडेला औषधांचे खासगी कारखाने उभे राहत होते, आणि गंमत म्हणजे त्यातले बरेचसे आमच्यातूनच बाहेर पडलेल्या माणसांनी काढलेले. आमच्याकडे मात्र ऑर्डरी आटल्या. आठवड्याला येणारी पिंपं महिन्याला येऊ लागली. स्वेच्छानिवृत्तीचे अर्ज बडीशेपेच्या वाटीसारखे टेबलावरून फिरत. सकाळी नल्लकुंट्याच्या नाक्यावर येणाऱ्या कारखान्याच्या बसमध्ये पूर्वी उभं राहावं लागे. आता खिडकी कोणाची यावरून भांडायलाही माणूस मिळेना.

अशात सुधाकर आला. तोच, टेबलाच्या टोकाचा. बालानगरच्या पुढं त्यानं स्वतःचा कारखाना काढला होता. घरी येऊन काकांच्या पाया पडला आणि म्हणाला, "सर, तपासणी विभाग तुमच्या ताब्यात देतो. श्रीकांत सरांनाही घेऊन या."

काका म्हणाले, "बघू." सुधाकरला त्याचा अर्थ माहीत होता. महिन्याभराच्या मुदतीवर तो परत गेला.

माझी अवस्था मात्र बघण्यासारखी झाली. मी एका कागदावर मधोमध रेघ मारली. एका बाजूला जाण्याची कारणं, दुसरीकडे न जाण्याची. जाण्याच्या बाजूला चार ओळी झाल्या, सगळ्या मेधानं सांगितलेल्या. न जाण्याच्या बाजूला मी 'बस दारात येते' आणि 'कँटीनचा गुरुवारचा उपमा' असं लिहिलं आणि पुढे सुचेना. तो कागद शर्टाच्या खिशात राहून धुण्यात गेला. पुण्याहून सासऱ्यांचं पत्र आलं की सरकारी नोकरी सोडू नये. त्यांच्याच मुलीनं मला ते मोठ्यानं वाचून दाखवलं आणि ठेवून देत म्हणाली, "बाबांनी दोन वेळा सोडली होती."

शेवटी मी काकांना विचारलं. खरं तर मला सल्ला नको होता. मला हवं होतं की त्यांनी जावं, म्हणजे मी त्यांच्या मागं जाईन, किंवा त्यांनी राहावं, म्हणजे मी त्यांच्या मागं राहीन.

"नमुना घेतल्याशिवाय मी कसं सांगू?" काका म्हणाले. "सोमवारी सकाळी रजा टाक."

सुधाकरच्या कारखान्यासमोर मल्लेश नावाच्या माणसाची चहाची टपरी होती. पुढ्यात एक बाकडं. सोमवारी सकाळी आठ वाजता आम्ही दोघं त्या बाकड्यावर, बशीत उस्मानिया बिस्किटं घेऊन बसलो. समोर फाटक, आत अंगण, एक कडुलिंब, मागं शेड. लोक इस्त्रीचे कपडे घालून आत जात होते. काकांनी चहाचे दोन कप संपवले.

"कसं वाटतं?" मी म्हणालो.

"हा वरचा," ते उठत म्हणाले. "वर सगळेच चांगले."

मधला नमुना बुधवारी दुपारी. कडुलिंबाखाली सगळे गोल करून जेवत होते, हसण्याचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. शेडच्या पायरीवर मात्र एक तरुण मुलगी एकटीच डबा घेऊन बसली होती. जेवत नव्हती, डब्याचं झाकण लावत होती आणि काढत होती.

"वो कौन?" काकांनी विचारलं.

मल्लेशनं कप विसळत मान उडवली. "नई केमिस्ट मेडम. माल रोके कते. सब गुस्से में हैं."

काकांनी चहात बुडवायला धरलेलं बिस्किट तसंच बशीत ठेवून दिलं. परतीच्या बसमध्ये ते तिकिटाच्या घड्या घालत राहिले. आणि मी, आता कबूल करायला हरकत नाही, मनातून खूष होतो. कंपनी नापास होणार होती, मला काहीच ठरवावं लागणार नव्हतं, आणि गुरुवार दुसऱ्याच दिवशी होता.

"मग काय, राहिलंच ना?" घराच्या पायरीशी मी विचारलं.

"तळाचा बाकी आहे," काका म्हणाले.

तळाचा, म्हणजे महिनाअखेरचा शनिवार. माल पाठवायची शेवटची संध्याकाळ. माणूस तेव्हा कळतो, असं काकांचं म्हणणं. आम्ही गेलो तेव्हा फाटकात ट्रक उभा होता. अंगणाच्या एका कोपऱ्यात सात-आठ पिंपं वेगळी काढलेली, प्रत्येकावर लाल चौकोन. रस्त्यावरूनही दिसत होता. ट्रकवाला ओरडत होता, दोन माणसं सुधाकरला हातवारे करून काहीतरी पटवत होती. सुधाकर खिशात हात घालून उभा होता. मी काकांकडे बघितलं. त्यांची नजर माणसांवर नव्हतीच, पिंपांवर होती.

बऱ्याच वेळानं सुधाकरनं हात हलवला आणि ट्रक निघाला. अर्धा रिकामा. पिंपं कोपऱ्यातच राहिली.

मला वाटलं, झालं. मी उठलो. काकांनी माझा शर्ट धरून मला खाली बसवलं.

सुधाकर आत गेला आणि डबा घेऊन बाहेर आला. दिवसभर उघडलेला नसावा. ती मुलगी त्याच पायरीवर होती. तो तिच्या शेजारी बसला, डबा उघडला आणि काहीतरी म्हणाला. तिनं आपल्या डब्याचं झाकण लावलं, पुन्हा काढलं. मग तिनंही आपला डबा पुढं सरकवला.

काका बघत राहिले. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, आणि पुन्हा घातला.

"उलटं करतोय गाढव," ते म्हणाले. "नाकारणाऱ्यानं जायचं असतं नाकारलेल्याकडे. पण चालेल." मग थोड्या वेळानं, "डब्यात काय असेल रे त्याच्या?"

"इतक्या लांबून मला कसं दिसणार, काका?"

"पप्पू असेल," ते म्हणाले आणि उठले. "पास. तू जा."

घर येईपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही की ते 'तू' म्हणाले होते. आलं तेव्हा मी जिन्यावरून परत खाली गेलो. काका पाय धूत होते.

"काका, आणि तुम्ही?"

"उद्या दाखवतो."

"उद्या रविवार आहे."

"मग परवा."

सोमवारी त्यांनी मला राखीव नमुन्यांच्या खोलीत नेलं. बरीचशी फडताळं रिकामी झाली होती. शेवटच्या फळीवर मलेरियाच्या गोळ्यांच्या बाटल्या ओळीनं होत्या, राजलिंगमच्या हातच्या. काकांनी सगळ्यात टोकाची उचलली. त्या गोळ्या नुकत्याच बाहेर पडल्या होत्या. तीन वर्षांची मुदत आणि वर एक.

"ही खेप कुठं कुठं गेलीय माहीत आहे? आदिलाबादेच्या रानातल्या दवाखान्यांपर्यंत. कोणीतरी बाई पोराला अर्धी गोळी मधात घालून द्यायलीय. उद्या तिनं विचारलं तर?"

"कोणीतरी असेलच की इथं, काका."

"कोण? मोज." मी मोजलं. विभागात आम्ही पाच जण उरलो होतो. तिघांनी अर्ज भरले होते, चौथा मी, पाचवे काका. "मी गेलो की किल्ली भांडार विभागात जाणार. फडताळं भंगारात, बाटल्या नाल्यात. त्यांची चूक नाही. त्यांना फडताळच दिसतं."

"सुधाकर चार वर्षं थांबणार नाही."

"नाही थांबणार," काका म्हणाले. बाटली परत जागेवर ठेवली, लेबल समोर येईल अशी फिरवली. "मला जायचं होतं रे. त्या शेडला उत्तरेकडून उजेड आहे, पाहिलंस का? रंग बघायला काय सुंदर जागा."

एवढंच. त्यानंतर त्या उजेडाचा विषय त्यांनी कधी काढला नाही.

काकूंना मी सांगितलं तेव्हा त्या शेंगा निवडत होत्या. "हे बाटल्यांना टाकून कुठं येणार नाहीत," त्या म्हणाल्या. "मला आधी विचारलं असतं तर तुमच्या तीन रजा वाचल्या असत्या." आणि मग शेंगा निवडायच्या थांबून, खाली बघत म्हणाल्या, "काल यांनी तो निळा शर्ट काढून ठेवला होता इस्त्रीला. उगाच."

माझ्या शेवटच्या दिवशी विभागात चहा झाला. भाषण करायचं काकांनी टाळलं. मी डबा पिशवीत भरत होतो, तर त्यांनी तो हातातून घेतला, खिशातून एक पिवळं लेबल काढलं, जिभेनं ओलं केलं आणि डब्याच्या झाकणावर चिकटवलं. तपासणी चालू.

"अहो, इतकी वर्षं तपासलंत की."

"तो इथला तू. तिथला अजून बघितला नाही."

सुधाकरनं काकांना आणखी दोनदा विचारलं. मग मुंबईहून कोणालातरी आणलं. हुशार माणूस होता, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. उत्तरेकडच्या खिडकीत त्यानं फाइलींचं कपाट ठेवलं.

चार वर्षं काका रिकाम्या होत जाणाऱ्या बसनं जात राहिले. पहिलं वर्ष मी रोज संध्याकाळी खाली जाऊन त्यांना नव्या कारखान्याच्या गोष्टी सांगायचो. मग आम्ही चिक्कडपल्लीला मोठ्या घरात राहायला गेलो आणि रोजचं रविवारी झालं. रविवारचं कधीकधी. माणूस कसा सुखानं हरामखोर होतो ते मला स्वतःवरून ठाऊक आहे.

एके दिवशी ऑफिसात काकांचा फोन आला. "श्रीकांता, शेवटची बाटली निघायलीय. मोकळा असलास तर ये."

मी गेलो. फाटकावर पाहुण्याच्या वहीत सही केली, कारण काकांनी मला नियमाबाहेर आत घेतलं नसतं. खोलीत राजलिंगम आधीच येऊन बसले होते, डोक्याचे सगळे केस पांढरे. बाटली नष्ट करताना वहीत दोन सह्या लागतात, आणि कारखान्यात सही करू शकणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं. काकांनी बाटली उजेडात धरली. गोळ्या पांढऱ्या, अखंड, काठही झिजलेला नाही. राजलिंगमनी सही केली आणि बराच वेळ पेन बंद केलं नाही.

"चार वर्षांत कोणी मागितली का ही बाटली?" मी विचारलं.

"नाही."

मी वहीत डोकं घातलं. पण चेहरा माझं कधी ऐकत नाही. काकांनी तो वाचला.

"कोणी मागितली नाही, हाच तिचा रिपोर्ट," ते म्हणाले, आणि गोळ्या पाण्यात सोडल्या.

मग आम्ही तिघं कँटीनमध्ये गेलो. कँटीन बंद होतं, टेबलं होती. राजलिंगमनी डबा उघडला आणि न सांगता काकांच्या ताटलीत पप्पू वाढला.

त्याच महिन्यात काका निवृत्त झाले. मी सुधाकरशी बोललो. मुंबईचे गृहस्थ तोवर परत गेले होते. सुधाकर म्हणाला, "दोन तास येऊन बसले तरी चालेल, सर. खिडकी मोकळी करतो." मी पळत नल्लकुंट्याला गेलो. काकांनी ऐकून घेतलं.

"बघू," ते म्हणाले.

"काका, आता काय बघायचं? तिन्ही नमुने घेतले होते तुम्ही. पास केलं होतं."

"त्याची मुदत संपली," काका म्हणाले.

त्यानंतरच्या बुधवारी त्यांच्या नांदेडला दिलेल्या मुलीला बरं नाही म्हणून काका-काकू तिकडं गेले, आणि नातवंडांत अडकले ते अडकलेच. महिन्यानं मला त्यांचं पोस्टकार्ड आलं. वरचा ठीक. मधला व तळाचा राहिला. डब्यावरचे लेबल काढू नये. पुढे दोनेक वर्षांनी काका तिकडंच वारले. निरोप पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. डबा अजून आहे. मेधा तो घासते तेव्हा लेबलाच्या भोवतीनं घासते.

पण पोस्टकार्डातला तो वरचा नमुना त्यांनी घेतला, तेव्हा मी तिथं होतो. त्या बुधवारच्या आधीचा सोमवार होता, सकाळचे आठ. आमची बस फाटकाशी वळली आणि मला मल्लेशचं बाकडं दिसलं. त्यावर काका बसले होते. बशीत दोन बिस्किटं, अंगात इस्त्रीचा निळा शर्ट. मी खिडकीतून हात हलवला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, नीट बघितलं, आणि हात काही हलवला नाही. नमुन्याशी बोलायचं नसतं. मी खाली उतरलो, कॉलर सारखी केली, डबा लेबल बाहेर येईल असा धरला आणि जमेल तितका ताठ चालत आत गेलो. शेडच्या दाराशी राहवलं नाही म्हणून वळून पाहिलं. काका बिस्किट चहात बुडवत होते.